पोटमाळ्यावरचे संगणक

२०१५ सालच्या एप्रिल महिन्यातील गोष्ट आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मिल्पिटास नावाचे गाव आहे. तेथे जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे स्वीकारून ती मोडून काढणारा एक व्यवसाय होता. एके दिवशी एक वयस्क बाई काही खोकी घेऊन तेथे आल्या. त्यांचे पती वारले होते आणि त्या घरातील गॅरेज रिकामे करीत होत्या. तेथील माणसाने पावती देऊ केली, पण बाईंनी ती घेतली नाही. नाव किंवा पत्ता न सांगताच त्या निघून गेल्या.

काही आठवड्यांनी कामगारांनी ती खोकी उघडून पाहिली. आतल्या तारा, कळफलक आणि इतर अडगळीत एक सर्किट बोर्ड निघाला. तो ॲपल-१ हा संगणक होता! स्टीव्ह वॉझ्नियॅक यांनी १९७६ मध्ये त्याची रचना केली होती. असे संगणक सुमारे २०० च तयार झाले आणि तेव्हा एकाची किंमत ६६६ डॉलर ६६ सेंट होती. मिल्पिटासचा तो संगणक एका संग्राहकाने २ लाख डॉलर देऊन विकत घेतला. अशा विक्रीतील निम्मी रक्कम मूळ मालकाला देण्याची त्या व्यवसायाची रीत होती. त्यामुळे १ लाख डॉलर देण्यासाठी बाईंचा शोध सुरू झाला आणि वर्तमानपत्रांतून त्यांना आवाहन करण्यात आले.

विद्यार्थी मित्रहो, यात त्या बाईंना दोष देता येणार नाही. ॲपल-१ विकला जाई तो नुसत्या सर्किट बोर्डाच्या रूपात. पेटी, कळफलक आणि पडदा ग्राहकाने आपले आपण जोडायचे असत. अशा पाटीचे मोल सहज कोणाला कळणार? ज्यांना ते कळले असते ते हयात नव्हते. खोक्यावर चार शब्दांची चिठ्ठी असती, तरी पुढचा सारा प्रकार टळला असता.

ॲपल-१ काही घरोघरी सापडत नाही. जुन्या संगणकांचे छोटेमोठे संग्रह मात्र इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळ घरांत आहेत. १९८० नंतरच्या दहा वर्षांत ज्यांनी तरुणपणी हौसेने घरी संगणक आणला, ती माणसे आता साठी-सत्तरीच्या घरात आली आहेत. त्यांच्यामागे हा संग्रह मुलांच्या हाती येतो, आणि मुलांना त्यातले काही कळत असतेच असे नाही. मग तो भंगारात द्यावा, की असा नाद असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला विकावा? विकायचा तर आधी काय करावे आणि काय करू नये? या प्रश्नांची बरीचशी उत्तरे पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र यांत आहेत. ती कशी, ते पाहू या.

संग्रहात काय काय असते?

इंग्लंडातील एका घराची कल्पना करा. वडील शाळामास्तर होते, ते नुकतेच वारले आहेत. त्यांची मुलगी आणि मुलगा पोटमाळ्यावर चढून एकेक खोके खाली उतरवीत आहेत.

पहिल्या खोक्यात बदामी रंगाचा एक रुंद यंत्रसंच आहे. त्याच्या वरच्या भागातच कळफलक बसविलेला आहे. हा बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने तो डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आणला. ब्रिटिश नभोवाणी संस्थेने, म्हणजे बीबीसीने, लोकांना संगणक शिकविण्याची एक योजना आखली होती, तिच्यासाठी हा संगणक तयार झाला. त्याच्या ‘बी’ नमुन्यात ३२ किलोबाइट स्मृती होती. हा संगणक ब्रिटनमधील बहुतेक शाळांत पोचला आणि एकूण १५ लाखांहून अधिक विकले गेले. आपल्याकडेही १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक-साक्षरता प्रकल्प सुरू केला, तेव्हा निवडक शाळांना हेच बीबीसी मायक्रो मिळाले होते. तुमच्या आईवडिलांच्या पिढीतील काहींनी आयुष्यातील पहिली कळ त्याच्यावरच दाबली असेल.

दुसऱ्या खोक्यात जाडसर पुस्तकाएवढा काळा संगणक निघतो. त्याच्या कळा रबरी आहेत. हा सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम. तो एप्रिल १९८२ मध्ये आला. ४८ किलोबाइट स्मृतीच्या स्पेक्ट्रमची किंमत तेव्हा १७५ पौंड होती. तिसऱ्या खोक्यात कमोडोर कंपनीचा १९९१ मधील अमिगा ५०० प्लस आहे. शिवाय एक जड मॉनिटर, कॅसेटी, फ्लॉपी तबकड्यांचे डबे, तारांचा गुंता आणि वडिलांच्या हस्ताक्षरातील एक वही आहे. वहीत तबकड्यांचे क्रमांक आणि त्यांच्यापुढे टिपणे आहेत. ‘क्रमांक १४ : गुणाकाराचा सराव, तिसरीच्या वर्गासाठी’ ही त्यांतील एक नोंद.

मुलाला वाटते, वही रद्दीत टाकावी आणि यंत्रे लावून पाहावीत. चालली तर जास्त पैसे येतील. मुलगी म्हणते, थांब. तिचे म्हणणे बरोबर आहे.

बटण दाबण्यापूर्वी

पंचवीस-तीस वर्षे बंद असलेला संगणक एकदम विजेला जोडण्यात धोका असतो. कारण यंत्र बंद असले, तरी त्याच्या आतील रासायनिक क्रिया बंद नसतात.

विद्युतभार साठविणाऱ्या घटकाला धारित्र म्हणतात. दुरुस्तीच्या दुकानात त्यालाच कपॅसिटर म्हणतात. दोन वाहक पत्रे आणि त्यांच्यामध्ये विद्युतरोधक थर, ही त्याची साधी रचना. संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या डब्यात पुष्कळदा एका खास प्रकारचे धारित्र असते. ते थेट घरातील विजेच्या दोन तारांमध्ये जोडलेले असते. संगणकातून उठणारे विद्युत-खरखरीचे तरंग घरातील तारांत शिरू नयेत आणि शेजारच्या रेडिओ-टेलिव्हिजनला त्रास होऊ नये, हे त्याचे काम. बीबीसी मायक्रो आणि ॲपल-२ या संगणकांत वापरलेल्या अशा धारित्रात धातूचा मुलामा दिलेला कागद गुंडाळलेला असे आणि त्यावर पारदर्शक, पिवळसर राळेचे कवच असे. वर्षानुवर्षे गेली की कवचाला बारीक भेगा पडतात. हवेतील दमटपणा भेगांतून आत शिरतो आणि कागद तो शोषून घेतो. ओला कागद चांगला विद्युतरोधक राहत नाही. मग २४० व्होल्टचा दाब लागताच त्यातून प्रवाह वाहू लागतो, धारित्र तापते आणि काही मिनिटांतच फट्‌ असा आवाज होऊन दुर्गंधीयुक्त धुराचे लोट बाहेर पडतात. खोली दोन दिवस वास मारते.

दुसऱ्या प्रकारचे धारित्र तुम्ही रेडिओत पाहिले असेल. लहानशा डब्यासारखे दिसते ते. त्यात ॲल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये रासायनिक द्रवाने भिजविलेला कागद यांची गुंडाळी असते. येथे विद्युतरोधकाचे काम एका पत्र्यावरील ॲल्युमिनियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर करतो. बराच काळ वीज मिळाली नाही तर हा थर दुबळा होतो. आतील द्रव हळूहळू सुकतो किंवा बुडातून पाझरतो. अशा धारित्रावर अचानक पूर्ण दाब आला तर तेही तापते, कधी फुगते, कधी फुटते.

म्हणून जाणकार हौशी माणूस आधी वीजपुरवठ्याचा डबा सोडवून तपासतो, संशयास्पद धारित्रे बदलतो आणि मगच बटण दाबतो. हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे. मॉनिटर तर आपण कधीच उघडू नये. त्याच्या चित्रनळीला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि यंत्र बंद केल्यावरही तिच्यात विद्युतभार साठून राहू शकतो.

आणखी एक साधी चूक पुष्कळांकडून होते. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा दिष्ट प्रवाह लागतो. ९ व्होल्टचा दुसरा एखादा पुरवठा घरात सापडतो, त्याचे टोकही नीट बसते, आणि माणूस तो जोडून मोकळा होतो. पण आजच्या बहुतेक पुरवठ्यांत टोकाचा मध्यभाग धन असतो, तर स्पेक्ट्रमच्या पुरवठ्यात तो ऋण असतो. उलटा प्रवाह आत गेला की संगणक निकामी होऊ शकतो. म्हणजे ज्याचा पुरवठा त्याच्याशीच बांधून ठेवणे आणि वर चिठ्ठी लावणे, हे काम अगदी पहिल्या दिवशी करण्यासारखे आहे.

गळका विद्युतघट

एक गोष्ट मात्र ताबडतोब पाहायला हवी. ती म्हणजे आतील विद्युतघट.

अमिगा ५०० प्लसमध्ये वेळ सांगणारे घड्याळ आहे. संगणक बंद असतानाही ते चालू राहावे म्हणून सर्किट बोर्डावर निकेल-कॅडमियमचा एक छोटा, पिंपाच्या आकाराचा विद्युतघट झाळून बसविलेला असतो. त्या काळातील इतर अनेक संगणकांतही असाच घट असे. या घटात पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा द्रव असतो. हा तीव्र अल्कली आहे, हे तुम्ही रसायनशास्त्रात शिकला असालच. घट जुना झाला की त्याच्या तोंडाची बंदिस्ती सैल होते आणि द्रव बाहेर झिरपतो. बोर्डावरील तांब्याच्या रेषा केसासारख्या बारीक असतात. अल्कली त्यांच्यावरील संरक्षक लेपाखाली शिरते आणि तांबे खाऊ लागते. तेथे हिरवट-निळसर बुरशीसारखे डाग दिसू लागतात. ती बुरशी नसून तांब्याची संयुगे असतात.

ही क्रिया कोणाची वाट पाहत नाही. वारसांचे एकमत होईपर्यंत, गिऱ्हाईक मिळेपर्यंत, भाव वाढेपर्यंत ती चालूच राहते. एक वर्ष उशीर केला तर त्या वर्षात एखादी रेषा तुटून संगणक मुका होऊ शकतो. म्हणून जाणकाराच्या हातून घट कापून काढणे हे पहिले काम. नंतर तो सौम्य व्हिनेगारने डाग पुसतो. व्हिनेगारमधील ॲसेटिक आम्ल अल्कलीचे उदासिनीकरण करते. मग शुद्ध पाण्याने बोर्ड स्वच्छ करून तो पूर्ण वाळविला जातो. घट काढला म्हणून संगणक बिघडत नाही. फक्त त्याला वेळ लक्षात राहत नाही.

बदामी रंगाचा तपकिरी का होतो?

मुलाच्या लक्षात येते, की यंत्रांची पेटी एका बाजूने पिवळी पडली आहे. वडील धूम्रपान करीत नसत, मग हे कसे?

त्या काळच्या बहुतेक पेट्या एबीएस नावाच्या प्लॅस्टिकच्या आहेत. प्लॅस्टिकने लवकर पेट घेऊ नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगे मिसळीत. खिडकीतून येणाऱ्या उन्हात अतिनील किरण असतात. ते आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या परिणामाने प्लॅस्टिकमधील आणि त्या संयुगांमधील रेणू बदलतात आणि जे नवे रेणू बनतात ते निळा प्रकाश शोषून घेतात. पांढऱ्या प्रकाशातून निळा गेला की उरलेला प्रकाश आपल्याला पिवळसर दिसतो. म्हणूनच खिडकीकडची बाजू जास्त पिवळी आणि चिठ्ठीखालचा भाग मूळ रंगाचा असतो.

२००८ च्या सुमारास हौशी मंडळींनी यावर एक उपाय शोधला. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून पेटी अतिनील प्रकाशात ठेवली की रंग पुष्कळसा परत येतो. पण हा बदल कायमचा असेलच असे नाही, शिवाय नीट न केल्यास पेटीवर ढगासारखे पट्टे उमटतात. तीव्र पेरॉक्साइडने कातडी भाजते, ते वेगळेच. काही संग्राहकांना पिवळेपणाच हवा असतो, कारण ती त्या वस्तूच्या वयाची खूण आहे. तेव्हा विकण्यापूर्वी पेटी उजळविण्याची घाई करू नये. पुसायचीच तर ओलसर मऊ फडक्याने पुसावी. पुढचे विकत घेणारा ठरवील.

तबकड्या, फिती आणि झाकलेली खिडकी

आता त्या वहीकडे आणि तबकड्यांकडे वळू. यंत्रे पुष्कळ निघाली, पण वडिलांनी स्वतः लिहिलेल्या आज्ञावली एकाच ठिकाणी आहेत. त्या गेल्या की गेल्या.

फ्लॉपी म्हणजे पातळ प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर चुंबकीय ऑक्साइडच्या सूक्ष्म कणांचा लेप, चिकटद्रव्याने बसविलेला. कणांच्या चुंबकनाची दिशा कोठे कोठे पालटते, त्यावरून माहिती वाचली जाते. बीबीसी मायक्रोच्या साध्या तबकडीच्या एका बाजूवर ४० वर्तुळाकार मार्ग, प्रत्येक मार्गावर १० खंड आणि प्रत्येक खंडात २५६ बाइट असत. गुणाकार करून पाहा : ४० × १० × २५६ = १,०२,४०० बाइट, म्हणजे बरोबर १०० किलोबाइट. आजच्या मोबाइलने काढलेले ३ मेगाबाइटचे एक छायाचित्र ठेवायला अशा तीसएक तबकड्या लागतील! पण याच १०० किलोबाइटमध्ये एका शिक्षकाचे वर्षभराचे काम मावत असे.

दमट जागी तबकडीवर खरीखुरी बुरशी वाढते. चिकटद्रव्यही कमकुवत होते. अशी तबकडी तशीच यंत्रात घातली तर वाचणारे शीर्ष लेप खरवडून काढते. मग ती तबकडी गेली, आणि घाण लागलेल्या शीर्षामुळे पुढची तबकडीही गेली. हौशी लोक आधी तबकडी स्वच्छ करतात. मग एक खास उपकरण तबकडीवरील चुंबकनाचे बदल जसेच्या तसे टिपून आजच्या संगणकावर त्यांची प्रत काढते. वाचन अनेकदा करावे लागत नाही, एका चांगल्या वाचनावर पुढचे काम भागते.

कॅसेटीचे काम आणखी सोपे आहे, कारण तिच्यावर असतो तो चक्क आवाज. बीबीसी मायक्रोने लिहिलेल्या फितीवर ‘०’ हा अंक दर सेकंदाला १२०० कंपनांच्या स्वराचे एक आवर्तन म्हणून आणि ‘१’ हा अंक २४०० कंपनांच्या स्वराची दोन आवर्तने म्हणून नोंदलेला असतो. दोन्हींना वेळ सारखाच लागतो. सेकंदाला १२०० अंक जातात. एका बाइटचे आठ अंक, शिवाय सुरुवातीचा आणि शेवटचा खुणेचा अंक मिळून दहा, म्हणजे सेकंदाला १२० बाइट. ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट, भरायला सुमारे २७३ सेकंद, म्हणजे साडेचार मिनिटे लागणार. तोवर सारा वर्ग कर्कश किरकिर ऐकत बसे. हा आवाज कोणत्याही चांगल्या ध्वनिमुद्रकाने टिपून ठेवला की आज्ञावलीची प्रत तयार होते.

संगणक उघडणाऱ्या जाणकाराला आतील काही चिपवर कागदी चिकटपट्ट्या दिसतात. स्वच्छतेच्या भरात त्या काढण्याचा मोह होतो. तो टाळलाच पाहिजे! त्या पट्टीखाली स्फटिकाची छोटीशी गोल खिडकी असते. या चिपमध्ये माहिती इलेक्ट्रॉनांच्या रूपाने विद्युतरोधकाच्या आत कोंडून ठेवलेली असते. अतिनील किरण पडले की त्या इलेक्ट्रॉनांना ऊर्जा मिळते आणि ते निसटतात. माहिती मुद्दाम पुसता यावी म्हणूनच खिडकी ठेवलेली असते. थेट उन्हात अशी उघडी चिप सुमारे आठवड्याभरात पुसली जाऊ शकते. म्हणजे ती जुनाट, कळकट पट्टी हेच तिचे संरक्षण होय.

विकण्याआधी एक गोष्ट घरच्यांनी करावी. तबकड्यांत वडिलांची पत्रे असतील, विद्यार्थ्यांचे गुण असतील, कोणाचे पत्ते असतील. प्रती काढून पाहाव्यात आणि खाजगी ते घरी ठेवावे. तबकडी विकली म्हणजे तिच्यावरचे सारे विकले गेले, हे विसरू नये.

किंमत कशावरून ठरते?

जुने ते सारे महाग असे नाही. ॲपल-१ सुमारे २०० निघाले. त्यांतील एक २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरना गेला. अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयाने तो घेतला. बीबीसी मायक्रो १५ लाखांहून अधिक निघाले, म्हणून तो तितका दुर्मिळ नाही. गंमत अशी, की दोन्ही संगणकांचा मेंदू एकाच जातीचा, ६५०२ नावाच्या चिपचा आहे. म्हणजे भाव यंत्राच्या ताकदीवर ठरत नाही. किती उरले आहेत आणि किती जणांना हवे आहेत, या दोन आकड्यांवर तो ठरतो.

दिसायला सारख्या वस्तूंतही फरक असतो. अगदी पहिल्या तुकडीतील स्पेक्ट्रमच्या कळा फिकट राखाडी होत्या, पुढच्यांच्या निळसर राखाडी झाल्या. नवख्याला हा फरक कळणार नाही, नाद असलेल्याला दुरूनच कळेल. म्हणून विकण्यापूर्वी प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, बोर्डावरील आवृत्तीचा आकडा आणि पाठीमागची चिठ्ठी यांची छायाचित्रे काढावीत. मूळ खोके, पुस्तिका, दुकानाची पावती यांनीही किंमत वाढते.

आणि वडिलांची वही? तीच या संग्रहातील सर्वांत दुर्मिळ वस्तू आहे. स्पेक्ट्रम दुसरा मिळेल, पण एका शिक्षकाने आपल्या वर्गासाठी काय लिहिले, कोणती आज्ञावली चुकली, कोणती मुलांना आवडली, हे सांगणारी वही एकच असते. यंत्र वापरले कसे गेले, हे नुसते यंत्र पाहून समजत नाही. संगणकाचा इतिहास अभ्यासणाऱ्यांना म्हणूनच असे कागद हवे असतात.

एकत्र की सुटे?

आता भावंडांपुढे शेवटचा प्रश्न. सारा संग्रह एकाच माणसाला द्यावा, की एकेक वस्तू सुटी विकावी?

सुटे विकले तर एकूण पैसे सामान्यतः जास्त मिळतात, पण वेळही फार जातो. शिवाय चांगल्या वस्तू आधी जातात आणि मागे उरतात त्या बेवारशी तारा. एकदा तारा, तबकड्या आणि यंत्रे यांची ताटातूट झाली, की कोणते कोणाचे हे कोणीच सांगू शकत नाही. एकत्र दिले तर पैसे थोडे कमी मिळतील, पण संग्रहाची संगती टिकेल.

हा प्रश्न मोठ्यांनाही सुटलेला नाही. मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल ॲलन यांनी अमेरिकेत सिॲटल येथे जुन्या संगणकांचे संग्रहालय उभारले होते. २०१२ मध्ये ते लोकांना खुले झाले. तेथील अनेक जुने संगणक दुरुस्त करून प्रत्यक्ष चालविले जात आणि पाहुण्यांना ते हाताळता येत. ॲलन २०१८ मध्ये वारले. २०२० मध्ये बंद झालेले संग्रहालय पुन्हा उघडले नाही. त्यांच्या मालमत्तेची व्यवस्था बहिणीकडे होती. २०२४ मध्ये तेथील अनेक वस्तू लिलावात विकल्या गेल्या. रक्कम दानधर्मासाठी होती, तरी चालता-बोलता संग्रह विखुरला याचे अनेक हौशी लोकांना वाईट वाटले.

संग्रहालयाला देणगी देणे हा तिसरा मार्ग आहे. केंब्रिज येथे संगणकाच्या इतिहासाचे आणि ब्लेच्ली पार्क येथे राष्ट्रीय संगणक संग्रहालय आहे. पण संग्रहालयाकडे बीबीसी मायक्रो आधीच असतात, म्हणून तेथे सारे घेतले जाईलच असे नाही. वही आणि आज्ञावलींच्या प्रती मात्र अवश्य विचारून पाहाव्यात.

उरतो तो हौशी माणूस. जुन्या संगणकांची हौस असणाऱ्यांचे मेळावे भरतात. कॅलिफोर्नियात असा एक मोठा मेळावा १९९७ पासून सुरू झाला आणि पुढे इतर ठिकाणीही त्याची लागण झाली. तेथे येणारा माणूस यंत्र फळीवर मांडून ठेवण्यासाठी घेत नाही. तो धारित्रे बदलतो, घट काढतो, तांब्याच्या तुटलेल्या रेषा जोडतो. अशा माणसाशी विकणाऱ्याने खरे बोलावे. ‘चालू स्थितीत’ असे न पाहता लिहू नये. ‘विजेला जोडून पाहिलेले नाही’ असे लिहिले तर जाणकार गिऱ्हाईक उलट खूश होते.

पाठवणी

गिऱ्हाईक ठरले. आता वस्तू सुखरूप पोचली पाहिजे. येथे पुन्हा विज्ञान आडवे येते.

कोरड्या हवेत लोकरीचा स्वेटर काढताना ठिणग्या उडतात. आपल्याला झटका जाणवतो तेव्हा दाब सुमारे ३००० व्होल्ट असतो. चिपमधील विद्युतरोधक थर इतका पातळ असतो, की काही शे व्होल्टही, म्हणजे आपल्याला जाणवणारही नाही असा झटका, त्याला भोक पाडू शकतो. म्हणून सुटे बोर्ड थर्मोकोलच्या गोळ्यांत टाकू नयेत. त्यांच्यासाठी विद्युतभार साठू न देणाऱ्या खास पिशव्या मिळतात. फ्लॉपी-यंत्राच्या तोंडात पुठ्ठ्याची चकती सरकवावी, म्हणजे हादऱ्याने शीर्षे एकमेकांवर आपटत नाहीत. संगणकाचे खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवून मध्ये चारी बाजूंनी मऊ भरण घालावे. मॉनिटर शक्यतो गिऱ्हाइकाने स्वतः येऊन न्यावा. जो कोणालाच नको असेल तो कचऱ्यात टाकू नये. चित्रनळीच्या काचेत शिसे असते, म्हणून तो ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच गेला पाहिजे.

आपल्या कल्पनेतील भावंडांनी अखेर सारा संग्रह एका हौशी शिक्षिकेला दिला, असे समजू. वहीची प्रत घरी ठेवली, मूळ वही यंत्राबरोबर गेली. दोन महिन्यांनी तिने कळविले, की क्रमांक १४ ची तबकडी वाचली गेली आणि तिच्या शाळेतील मुलांनी त्या बीबीसी मायक्रोवर गुणाकार सोडविले. विक्री करूनही वडिलांचे काही हरवले नाही, असे त्या दोघांना वाटले तर त्यात नवल काय!

याच बीबीसी मायक्रोच्या निर्मितीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे दोघे होते. १९८५ मध्ये त्यांनी एकॉर्नमध्ये एक नवी चिप घडविली. ती प्रथम चालविली गेली ती बीबीसी मायक्रोला जोडूनच. तिचे नाव ‘आर्म’. तुमच्या घरातील मोबाइलचा मेंदू बहुधा त्याच घराण्यातील आहे. तेव्हा पोटमाळ्यावरचे ते पिवळे पडलेले यंत्र म्हणजे तुमच्या मोबाइलचे आजोबाच की!

तुमच्या घरात किंवा शाळेच्या सामानाच्या खोलीत एखादा जुना संगणक, रेडिओ किंवा कॅमेरा आहे का, ते शोधा. तो विजेला जोडू नका. ज्यांनी तो वापरला त्यांच्याजवळ जाऊन बसा. कधी घेतला, कोठून घेतला, त्यावर काय काम केले, शेवटी काय बिघडले, हे विचारा. त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत एका कागदावर लिहा, तारीख घाला आणि तो कागद त्या वस्तूच्या खोक्यात ठेवा. मिल्पिटासच्या त्या खोक्यात असायला हवा होता, तो हाच कागद.